भरावातला माणूस

माझ्या बहिणीबद्दल कुणी लिहायचं तर ते मीच लिहायला हवं. तिला जन्मापासून ओळखणारी दोनच माणसं आता उरलीत, एक आई आणि एक मी, आणि आई काही लिहायला बसणार नाही. माझं शिक्षण फार नाही. नववीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही. पण या शहरात मान वर करून चाललात आणि एखादा बोर्ड तुम्हाला अगदी सरळ, ताठ, वाऱ्याला न जुमानणारा दिसला, तर तो मी लावलाय असं बेलाशक समजा. आणि उन्हात वर्षं काढूनही त्यावरचा लाल अजून लालच दिसत असेल, तर तो तिने छापलाय.

तिला घरात ठिपकी म्हणतात. शेंबडी होती तेव्हा बाबांचं भिंग घेऊन वर्तमानपत्रातला एक फोटो बघत बसली आणि मग घरभर पळत सुटली, माणसं ठिपक्यांची असतात, माणसं ठिपक्यांची असतात. तेव्हापासून ठिपकी. शाळेत, कॉलेजात, दुकानात, सगळीकडे हेच नाव. गिऱ्हाईकसुद्धा फोनवर विचारतात, ठिपकीताई आहेत का. माझं नाव कुणी विचारत नाही, पण मला त्याचं काही वाटत नाही. तिचा भाऊ म्हणून मला जो मान आहे तो भल्याभल्यांना स्वतःच्या नावावर मिळत नाही.

बाबा हाताने बोर्ड रंगवायचे. ब्रश असा चालायचा की अक्षराच्या कडेला नख लावून बघा, कुठे खोच सापडायची नाही. मग हाताच्या कामाला कुणी विचारेनासं झालं, तेव्हा त्यांनी एका बंद पडलेल्या दुकानातून जुना मोठा प्रिंटर उचलला. पलंगाएवढा रुंद. त्याच्याबरोबर त्याचा जुना कॉम्प्युटर आला आणि कॉम्प्युटरात ते सॉफ्टवेअर. ज्यांना या धंद्यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चित्र कॉम्प्युटरातून थेट प्रिंटरकडे जात नाही. मधे एक सॉफ्टवेअर असतं. ते चित्राचे ठिपके करतं, निळी शाई किती, गुलाबी किती, पिवळी किती, काळी किती, ते ठरवतं, आणि रोलवर, म्हणजे छापायच्या लांब गुंडाळीवर, कोणतं काम कुठे बसवायचं तेही बघतं. प्रिंटर म्हणजे नुसता हात. डोकं ते मधलं. एकच चित्र, एकच शाई, पण मधलं डोकं बदललं की बोर्ड बदलतो.

बाबा चिक्कू होते. मी त्यांचा मुलगा आहे, मला बोलायचा हक्क आहे. एका बोर्डाशेजारी रोलवर वीतभर कोरी जागा राहिली तर त्यांचा जीव कासावीस व्हायचा. त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी एक सोय शोधून काढली होती. एका फोल्डरला नाव दिलं होतं 'भराव'. त्यात ते बारीकसारीक गोष्टी टाकून ठेवायचे, दारावरचे 'ढकला' आणि 'ओढा', 'कुत्र्यापासून सावध', असलं काहीबाही. मोठं काम छापताना शेजारी जागा मोकळी राहिली, की सॉफ्टवेअर आपणहून भरावातलं त्या मापाचं काहीतरी काढून तिथे छापून टाकायचं. बोर्ड कापला की कडेचा तुकडा फुकटात मिळाला. तेच 'ढकला' आम्ही मग विकायचो. आमच्या गल्लीत असं एक दार दाखवा ज्यावर आमचं 'ढकला' नाही.

गेल्या वर्षी बाबा गेले. दुखणं लांबलं होतं. शेवटी शेवटी दुकानात येऊन खुर्चीत बसायचे आणि मशीनच्या आवाजात डुलकी काढायचे. ते गेल्यावर आमच्या लक्षात आलं की घरात त्यांचा फोटोच नाही. कॅमेरा दिसला की माणूस तोंड फिरवायचा. लायसन्सवर एक नखाएवढा होता, तोही पुसट. ठिपकीने तो मोठा करून पाहिला, तर नुसतं धुकं आलं. आख्ख्या शहराची तोंडं आम्ही भिंतींवर चढवली आणि आमच्या भिंतीवर आमचा बाप नाही. तिने हे मनाला फार लावून घेतलं. मी नाही घेतलं असं नाही, पण मला शिडीवर चढायचं असतं.

मग हॉस्पिटलचं काम आलं. नवी मोठी इमारत, प्रत्येक मजल्याला वेगळा रंग, प्रत्येक वळणावर बाण, प्रत्येक दाराला पाटी. असलं काम शहरात दुसऱ्या कुणाला झेपलं नसतं, हे मी तिथल्या व्यवस्थापक बाईंना तोंडावर सांगितलं. त्यांची अट एकच, रंग चोख हवेत. तळमजल्याचा हिरवा तो हिरवाच, कुठल्याही पाटीवर. जुन्या सॉफ्टवेअरला ते जमणारं नव्हतं. आज एक हिरवा, उद्या दुसरा. शिवाय तो कॉम्प्युटर आता खोकायला लागला होता.

म्हणून आम्ही सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. उकाड्यातसुद्धा टाय लावून यायचा, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणायचो. माणूस चांगला होता. त्याने आमच्या नव्या कॉम्प्युटरवर तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर चढवून दिली, काही महिन्यांच्या वापरापुरती, आणि ठिपकीला म्हणाला, मॅडम, तिन्ही चालवून बघा, आवडेल ते ठेवा. एवढंच तर करायचं होतं. दुसरी कुणी असती तर दोन दिवसांत उरकलं असतं, आणि ठिपकीला तर एक दुपार पुरली असती. पण तिने त्या नव्या कॉम्प्युटरला हात लावला नाही. टायवाला फोन करायचा, ती म्हणायची, बघते. व्यवस्थापक बाई फोन करायच्या, ती म्हणायची, होतंय. आणि सगळं काम त्या जुन्या खोकणाऱ्या डब्यावरच चालू.

मला कारण कळलं ते एका भर दुपारी. न्हाव्याच्या दुकानाचा बोर्ड न्यायला आलो होतो. मशीन चालू होतं, बोर्ड सावकाश बाहेर सरकत होता, आणि त्याच्या शेजारच्या पट्टीत, जिथे 'ढकला' यायचं, तिथे एक बूट आला.

एक बूट आणि विजारीची कड. फोटोतला, चांगला स्पष्ट. बुटाचा तळ पुढून उसवलेला आणि तांब्याच्या तारेनं शिवलेला होता. ती तार मी घातलेली. बाबा नवीन बूट घ्यायला तयार नव्हते म्हणून मीच पक्कड घेऊन बसलो होतो.

ठिपकीला काही वाटल्याचं दिसलं नाही. तिने पट्टी कापली, हलक्या हाताने उचलली आणि मागच्या खोलीत नेली. मी मागोमाग गेलो. मागच्या खोलीत आम्ही रोल ठेवतो. गल्लीकडे उघडणारं एक दार आहे, आणि त्या दारासमोर कोरी भिंत. त्या भिंतीवर तिने तुकडे लावले होते. दुसरा बूट आधीच आलेला. विजारीचा गुडघ्यापर्यंतचा भाग. खाली उंबरा. कडेला दाराची चौकट आणि तिच्यावरचा खालचा बोल्ट, वाकडा. मी मागे वळून आमच्या दाराकडे पाहिलं. तोच बोल्ट, तसाच वाकडा. कुणीतरी याच खोलीत उभं राहून याच दाराचा फोटो काढला होता आणि दारात बाबा उभे होते. आता तो फोटो दारासमोर चढत चालला होता, खालून वर, खऱ्या माणसाच्या मापाने. त्या खोलीत उभं राहिलं की पाठीमागे एक दार आणि पुढ्यात एक दार.

तिने मला सांगितलं ते असं. भरावातल्या प्रत्येक गोष्टीला बाबांनी किती वेळा छापायचं ते ठरवून ठेवलं होतं. 'ढकला', 'ओढा' संपले, मग या तुकड्यांची पाळी आली. बाबांनी स्वतःचा फोटो कापून भरावात टाकला होता. स्वतःच्या फोटोसाठीसुद्धा त्यांना कोरा रोल खर्च करायचा नव्हता. यावर मी हसलो. तीही हसली, पण मशीनकडे बघत.

मी विचारलं, मग फोल्डर उघडून बघ की सरळ. म्हणाली, पाहिलंय. आत नुसते आकडे होते, तुकड्यांचे क्रमांक आणि मापं. तुकड्यांचे ठिपके आधीच करून ठेवलेत, आणि ते त्या सॉफ्टवेअरशिवाय कशातच उघडत नाहीत. मूळ फोटो असलाच तर त्या कॉम्प्युटरातल्या बाबांच्या खात्यात असणार. त्याला कुलूप होतं आणि पासवर्ड बाबा बरोबर घेऊन गेले होते.

म्हणजे चेहरा पाहायचा तर एकच वाट. छापून येईल तेव्हा.

त्यानंतर दर थोड्या दिवसांनी एखादा तुकडा येत राहिला. विजार, पट्टा, शर्टाचं खालचं बटण. दारामागच्या गल्लीतला उजेड. मग हात आला. उजवा हात, वर उचललेला, बोटं आतल्या बाजूला वळलेली. मशीनच्या आवाजात हाका मारून उपयोग नसायचा, म्हणून बाबा असाच हात करून बोलवायचे. इकडे ये. पन्नास फुटांवरून मला तो हात कळायचा.

आई दुकानात सहसा येत नाही. त्या दिवशी डबा द्यायला म्हणून आली, कारण ठिपकीचा डबा रोज भरलेलाच परत यायला लागला होता. मागच्या खोलीत गेली आणि रोलवरच बसली. डोकं नसलेला तो माणूस तिच्याकडे हात करून उभा होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"हे कुणाला बोलावतायत?"

मी म्हटलं, फोटो काढणाऱ्याला असेल. तर म्हणाली, यांनी कुणाला काढू दिला असता का फोटो. आईने उठता उठता मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, ते मशीन बंद कर. तोंड यायच्या आत बंद कर. पोरीचं तोंड बघ जरा.

मी पाहिलं. रोज बघणाऱ्याला दिसत नाही तसं झालं होतं. गालांची हाडं वर आलेली, मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं. आणि कामातही मी नीट लक्ष दिलं तेव्हा माझ्या ध्यानात आलं की दोन बोर्डांच्या मधे ती मुद्दाम जागा सोडतेय. वीतवीत, कधी हातभर. जी पोरगी बाबांच्या हाताखाली रोलचा चिंधीएवढा तुकडा वाचवायला शिकली, ती कोरा रोल मोकळा सोडत होती. त्यांना यायला जागा करून देत होती.

मला भीती नाही हे मी आधीच सांगून टाकतो. पाण्याच्या टाकीवर, एका दोरीवर लोंबकळत, खाली माणसं मुंग्यांएवढी दिसत असताना मी बोर्ड ठोकलेत. पण पुढचा तुकडा आला तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो. तो खांद्यामागचा तुकडा होता. दाराच्या बाजूची भिंत आणि भिंतीवर लाल नळकांडं, आग विझवायचं. ते नळकांडं बाबा असताना नव्हतं. बाबा गेल्यानंतर शेजारच्या गाद्यांच्या दुकानाला आग लागली, तेव्हा मी ते आणलं. भोक मी पाडलं, खिळा मी ठोकला, थोडं डावीकडे कललंय ते माझ्यामुळे, कारण भिंतीत लोखंड लागलं. आयुष्यात मी तिरकी लावलेली ती एकच वस्तू. फोटोतसुद्धा ते डावीकडे कललेलं होतं.

ठिपकी तुकडा चिकटवत होती. तिने तळव्याने त्यावरची हवा काढली आणि म्हणाली, पाहिलंस ना तू पण.

मी म्हटलं, पूर्वी तिथे दुसरं काहीतरी असेल लाल.

ती म्हणाली, असेल.

यानंतर कॉलर आली, गळ्याची घाटी आली, आणि तिथेच थांबलं. आठवडे गेले. भरावातून काहीच येईना. हॉस्पिटलच्या बाईंचा आवाज बदलायला लागला, दुसऱ्या कुणाला विचारू का म्हणाल्या. मी ठिपकीला म्हटलं, आलं तेवढं आलं, आता नवं सॉफ्टवेअर निवड आणि कामाला लाग. तेव्हा तिने सांगितलं की डोकं अजून भरावातच आहे. बाबांनी बाकी सगळं बारीक कापलं होतं, पण चेहऱ्यावरून कात्री फिरवली नव्हती. तो आख्खा एकच तुकडा होता, आजूबाजूच्या भिंतीसकट, आणि एवढा रुंद की कुठल्याच बोर्डाशेजारी मावायचा नाही. रोलची पूर्ण रुंदी कोरी दिली तरच तो येणार. चिक्कू माणसाने एवढंच एक काम असं करून ठेवलं होतं की कोरा रोल खर्च केल्याशिवाय होऊ नये.

"मग देत का नाहीस?"

"दिला की संपलं, दादा."

तिचा आवाज साधा होता, पण आईने मशीन बंद कर का म्हटलं ते मला तेव्हा कळलं. ती काही चेहऱ्यासाठी थांबलेली नव्हती. ती त्यांच्या येण्यात राहायला लागली होती. दुकानात बसून जेवत नव्हती, घरी येऊन झोपत नव्हती, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता मागच्या खोलीकडे मान वळवायची. माझी बहीण माझ्यासमोर एका हाताच्या इशाऱ्याकडे सरकत चालली होती आणि माझ्यासारखा माणूस, ज्याला आख्खं शहर ओळखतं, काहीही करू शकत नव्हता.

मी आवाज चढवला. आयुष्यात तिच्यावर कधी चढवला नव्हता. म्हटलं, हॉस्पिटलचं काम जाईल, नाव जाईल, आणि माझ्या बहिणीला जमलं नाही असं लोक म्हणतील ते मी ऐकून घेणार नाही. आज दे कोरा रोल, काय यायचं ते येऊ दे, आणि संपव.

तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग उठली, नवा रोल चढवला आणि पूर्ण रुंदीचं एक कोरं काम पाठवलं. दुपारचं ऊन शटरच्या फटीतून जमिनीवर पडलं होतं. मशीनचं शाई सोडणारं डोकं इकडून तिकडे फिरायला लागलं. आधी दाराची वरची चौकट आली. मग चौकटीखाली एक पांढुरकी रेघ. केस. बाबांचे केस, वर उभे राहणारे, कधीही न बसणारे. दोन बोटं केस आले असतील, आणि जुन्या कॉम्प्युटरने एक उसासा टाकल्यासारखा आवाज केला. पडदा काळा झाला. मशीन जागच्या जागी थांबलं.

पुढे तो कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. मी प्लग काढला, घातला, डब्याला थापा मारल्या, तोंडाने फुंकलं. ठिपकीने काहीच केलं नाही. केसांची ती पट्टी तिने कापून घेतली, मागच्या खोलीत जाऊन गळ्याच्या बऱ्याच वर, अंदाजाने लावली, आणि समोर स्टूल टाकून बसली. खाली अंग, वर केस, मधे आमची भिंत. दुसऱ्या दिवशी तिथेच होती. तिसऱ्या दिवशीही. आईने घास भरवून पाहिला, तिने तोंड उघडलं नाही. मशीन तर बंद झालं होतं, आईला हवं तसंच झालं होतं, पण पोरगी जास्तच आत गेली.

मग मी टायवाल्याला फोन केला. निम्मंच सांगितलं. म्हटलं, जुन्या कॉम्प्युटरात माझ्या बापाचा एक फोटो आहे, तो काढून दे. तो लगेच आला, आणि मी कधी पाहिलं नव्हतं, टाय न लावता आला. डबा उघडला, आतली डिस्क बाहेर काढली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. डिस्क बाहेरून जोडली की आतलं कुलूप चालत नाही म्हणे. बाबांच्या खात्यात एकच फोल्डर होता आणि त्यात एकच फोटो. त्याने उघडायच्या आधी फोटोची तारीख बघितली. मग माझ्याकडे बघितलं. बाबा कधी गेले, विचारलं. मी सांगितलं. मग लॅपटॉपकडे बघत म्हणाला की जुन्या कॉम्प्युटरची आतली बॅटरी गेली की तो तारीख काहीही दाखवतो. कुठली तारीख होती ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्याने लॅपटॉप ठिपकीकडे वळवला. फोटो उघडणार तेवढ्यात तिने हाताने त्याचं झाकण दाबून बंद केलं.

म्हणाली, पडद्यावर नको. पडदा खोटं बोलतो. छापून बघू.

टायवाल्याने विचारलं, कशातून छापू. तीन आहेत.

"तिन्हीतून."

कित्येक दिवसांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. तो दुकानाचा आवाज होता. तिने स्वतः शाईच्या नळ्या तपासल्या, छापायचं डोकं साफ केलं, नवा रोल चढवला. फक्त चेहरा, तोच फोटो, तीच शाई, तोच रोल. मधलं डोकं तेवढं वेगळं. पहिला छापून आला तेव्हा तिने बघितलाही नाही, उलटा करून ठेवला. दुसराही. तिसराही. मग तिन्ही एकाच वेळी दोरीला चिमट्यांनी अडकवले.

मी माझ्या बापाला त्या दिवशी तीनदा पाहिलं.

पहिल्यात गाल लालसर, डोळ्यांत पाणी चमकतंय, ओठ आता काहीतरी बोलणार असे. मला रडूच आलं. मी म्हटलं, हेच, हेच बाबा. दुसऱ्यात सुरकुत्याच नव्हत्या, कातडी दुधासारखी, जाहिरातीतला म्हातारा कसा असतो तसे, नुकतेच झोपून उठलेले. आणि तिसऱ्यात चेहरा राखाडी. ओठांना रंग नाही, डोळ्यांखाली निळं. डोळे उघडे होते, सरळ आमच्याकडे बघत होते, पण कातडी तशी होती जशी मी शेवटच्या दिवशी, पांघरूण वर ओढायच्या आधी पाहिली होती.

टायवाला गडबडला. घाईघाईने म्हणाला, मॅडम, त्यात रंग वाढवता येतो, मी आता करून देतो, आणि बहुतेक लोक पहिलंच घेतात. आई दारात उभी होती, पदर नाही की रुमाल नाही, नुसता हात तोंडावर. तिने तिसऱ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, हे ते.

ठिपकीने भिंग काढलं. एकेका चेहऱ्यापुढे उभी राहिली, नाकाला नाक लावून. कपाळ, गाल, हनुवटी, कान. तिसऱ्यापुढे ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. मग भिंग खिशात टाकून टायवाल्याला म्हणाली की पहिलं पदरचा लाल घालतं. दुसरं पुसून काढतं. तिसरं फाइलीत आहे तेच ठेवतं, काही घालत नाही, काही काढत नाही. बाबा फाइलीत असेच आहेत.

टायवाल्याचा हात गळ्याशी गेला, टाय सैल करायला, आणि तिथे टाय नव्हता. मी म्हटलं, म्हणजे काय? फाइलीत असेच आहेत म्हणजे?

ठिपकीने माझ्याकडे पाहिलं. खरंच पाहिलं, किती दिवसांनी.

"म्हणजे काही नाही, दादा. हॉस्पिटलला रंग चोख पाहिजेत. तिसरं घेऊ."

अशी माझ्या बहिणीने सॉफ्टवेअरची निवड केली. शहरातल्या कुठल्याही दुकानात विचारा, असं पारखून कुणी घेतलंय का. तिला पहिलं घेता आलं असतं. तिच्यासमोर बाप जिवंत होऊन दोरीला लटकत होता. तिने भिंग लावलं आणि मेलेला बाप खरा म्हणून उचलला. हे माझ्याच्याने झालं नसतं, आणि माझ्याच्याने काय होत नाही हे मी कुणाला सांगत फिरत नाही.

टायवाल्याने उरलेली दोन काढून टाकली आणि त्या तिसऱ्याची कायमच्या वापराची चावी बसवून दिली. ते नवं सॉफ्टवेअर कामं अशी घट्ट बसवतं की रोलवर बोटभर जागा शिल्लक राहत नाही. भरावाचा प्रश्नच मिटला. आईने जाताना पहिला चेहरा, लाल गालांचा, गुंडाळून मागून घेतला. तिसरा ठिपकीने मागच्या भिंतीवर नेला नाही. हॉस्पिटलच्या रंगांचे नमुने ठेवतो त्या फळीवर ठेवला, नमुन्यांसारखाच.

निघता निघता आई मागच्या खोलीच्या तोंडाशी थांबली. आत तो माणूस हात वर करून उभाच होता. आईने ठिपकीला विचारलं, मशीन बदललंस, ते ठीक. पण हे बोलावतायत त्याचं काय करायचं?

ठिपकी डबा उघडून बसली होती. तोंडात घास होता. तो गिळला आणि म्हणाली,

"बोलावू देत. मला काम आहे."

मग मला म्हणाली, मोठी शिडी काढून ठेव, तळमजल्याचे बाण उद्या तयार होतील.